तेरच्या पानावरून घेतलेलं पुस्तक

बहात्तरच्या दुष्काळात आईनं पाझर तलावाच्या कामावर खडी फोडली आणि त्यावर माझं डी.एड. पूर्ण झालं. भूमच्या शाळेत मला नोकरी लागली. दोनेक वर्षांनी जरा हात मोकळा झाला, तेव्हा मी तिला विचारलं, तुला काय आणू? ती म्हणाली, काही आणू नको, दिवाळीच्या सुट्टीत अजिंठ्याला ने. बुद्धाची लेणी तिनं विहारातल्या कॅलेंडरवरच तेवढी पाहिली होती.

मी हो म्हटलं खरं, पण मनातून धास्तावले होते. वडील हयात नव्हते, जायचं आम्ही दोघींनीच. त्यात लहानपणीची एक गोष्ट डोक्यातून जात नव्हती. एका गावी धर्मशाळेच्या दारात वडिलांना गाव विचारलं, मग आडनाव विचारलं आणि मग जागा नाही म्हणून सांगितलं. त्या वेळी आम्ही एस.टी. स्टँडवरच मुक्काम केला होता. म्हणून कुठं उतरायचं, कसं जायचं हे नीट सांगणारं पुस्तक आधी मिळवायचं असं मी ठरवलं.

भूमला तसलं पुस्तक कुठलं? मी आणि आई बार्शीमार्गे सोलापूरला गेलो. तिथल्या दुकानदारानं मराठवाड्याच्या प्रवासाची दोन पुस्तकं काढून दिली. एक जाडजूड, रंगीत चित्रांचं. दुसरं पातळ, खरबरीत कागदाचं. दुकानदार जाड पुस्तकाची शिफारस करत होता. मलाही तेच बरं वाटत होतं, पण त्यातलं खरं किती हे कसं ओळखायचं ते कळेना.

आईला वाचता येत नव्हतं. चित्रं पाहून झाल्यावर ती म्हणाली, "ह्यात तेरचं काय लिवलंय ते वाच."

तेर तिचं माहेर. मी जाड पुस्तकातलं पान काढून वाचलं. तेरणेच्या बारमाही प्रवाहाकाठी वसलेलं रमणीय गाव, असं काहीतरी होतं. आई पदर तोंडाला लावून हसायला लागली. तिनं त्याच नदीच्या वाळूत हातभर खोल झरे खणून पाणी भरलं होतं. मग मी पातळ पुस्तक उघडलं. त्यात लिहिलं होतं की उन्हाळ्यात नदी कोरडी असते, पाणी सोबत न्यावं आणि परतीच्या बसची चौकशी उतरल्याबरोबर करावी.

"ह्यो मानूस तिथं जाऊन आलाय," आई म्हणाली. "हेच घे."

त्या पुस्तकात औरंगाबादच्या एका सरकारी विश्रामगृहाचा पत्ता होता आणि पुढं दोनच शब्द होते, सर्वांना खुले. मी पत्र टाकलं. उत्तर काही आलं नाही. तरी निघालो.

विश्रामगृहाच्या टेबलापाशी जाऊन मी उभी राहिले. कारकुनानं नाव विचारलं, गाव विचारलं. आता पुढचं विचारणार म्हणून मी आडनाव आधीच सांगून टाकलं, जरा मोठ्यानंच. त्यानं ते वहीत लिहिलं आणि विचारलं, "किती दिवस?" मी दोन म्हटलं. त्यानं किल्ली दिली आणि आंघोळीला गरम पाणी सकाळी सातपर्यंतच मिळतं म्हणून सांगितलं. खोलीत गेल्यावर मी खाटेवर बसले आणि मला रडू आलं. आई मोरीतला नळ सोडून बघत होती.

दुसऱ्या दिवशी अजिंठ्याला लेण्यांच्या पायऱ्यांशी डोलीवाले उभे होते. आईचे गुडघे धरलेले, तरी ती डोलीत बसायला तयार होईना. बसत-उठत ती चढली. शेवटाकडच्या लेण्यात निजलेल्या बुद्धापाशी पोचलो तेव्हा तिनं चपला काढल्या आणि हात जोडले.

बाहेर येऊन सावलीला टेकल्यावर म्हणाली, "लई निवांत निजलाय गं."

मग तिनं भाकरीचं फडकं सोडलं. त्या दिवशी आम्ही दोघी पोटभर जेवलो.