आत्या सोडून सगळं विमानात

आमच्या भाताच्या शेतावर विमानतळ बांधलंय, आणि त्याच विमानतळावर माझं विमान चुकलं.

लांबून येणाऱ्याचं चुकलं तर कुणी काही बोलत नाही. खोपोलीहून निघालं, वाटेत ट्रेलर आडवा झाला, संपलं. मी राहते नवीन पनवेलला. आमच्या गच्चीत पापड वाळत घातले तर उडदाचे की पोह्याचे ते वैमानिकाला सांगता येईल, इतकी जवळ. बरं, मी काही अडाणी नाही. ब्लाउज शिवायचं स्वतःचं दुकान आहे, हाताखाली मुली आहेत, आणि याआधी दोनदा विमानात बसलेय. (गोव्याला. एकदा जाताना आणि एकदा येताना.)

निघालो होतो बारशाला. माझा धाकटा भाऊ राकेश बंगळुरूला नोकरी करतो. त्याला मुलगी झाली. मी एकुलती एक आत्या, म्हणजे बाळाच्या कानात ‘कुर्र’ करून नाव सांगायचा मान माझा. (पाळण्यावर वाकल्यावर मागच्या बायका पाठीत बुक्के घालतात, तोही मानच.) राकेश फोनवर म्हणाला होता, “ताई, नाव तूच ठरव.” हे मी इतकं मनावर घेतलं की ठरवलेलं नाव कुण्णाकुण्णाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, राकेशला नाही. आई तर रोज मागं लागायची, “पयलं अक्षर तरी सांग गो.” मी म्हणायची, पाळण्यापाशी कळेल. तेव्हा परिस्थिती अशी होती: बारसं त्याच दिवशी दुपारी बंगळुरूत, पाळणा तिथं, बाळ तिथं, आणि नाव माझ्या डोक्यात. मी पोचले नाही तर पोरगी बिननावाची.

म्हणून सकाळच्या विमानानं मी आणि आई जाणार होतो. आईचा पहिलाच विमानप्रवास. तिला सांभाळून न्यायची जबाबदारी माझी, आणि आदल्या रात्री मी तिचा क्लासच घेतला. म्हटलं, तिथं आरडाओरडा करायचा नाही. गाडी लागली रे लागली, असं कुणी ओरडत नाही. सगळं पडद्यावर दिसतं, ते गुपचूप वाचायचं. मी सांगीन ते करायचं. आईनं सगळ्याला “हो” म्हटलं. आई लगेच हो म्हणाली की खरं तर तेव्हाच घाबरायला पाहिजे.

सकाळी आम्ही दोघी रिक्षात बसलोही होतो, तेवढ्यात नवऱ्यानं दारातून हाक मारली, “अगं, चार्जर राहिला!”

झालं. आई खाली उतरली. चांगल्या कामाला निघालेल्या माणसाला मागून हाक मारली की आमच्याकडं ते निघणं रद्द. घरात परत जायचं, बसायचं, पाणी प्यायचं, साखर खायची आणि नव्यानं निघायचं. तसं सगळं केलं. दुसऱ्यांदा रिक्षात बसलो तर गॅलरीतून शेजारच्या काकू, “वहिनी, बंगलोरला थंडी आहे म्हणे!” पुन्हा उतरलो, पुन्हा पाणी, पुन्हा साखर. रिक्षावाल्यानं इंजिन बंद करून पेपर काढला. माझं डोकं फिरलं. मी फाटकात उभी राहून सगळ्यांना बजावलं, “आता विमानात बसेपर्यंत मला कुणीही मागून हाक मारायची नाही. आई, तूसुद्धा नाही.”

“नाय मारनार,” आई म्हणाली.

हे वाक्य लक्षात ठेवा.

इतकं होऊनही आम्ही वेळेच्या पुष्कळ आधी पोचलो. अजून इथून विमानं बेताचीच उडतात, त्यामुळं गर्दी नव्हती. काचा लखलखत होत्या. दाराशी आईनं चपला काढल्या आणि जमिनीला हात लावून नमस्कार केला. आमचं जुनं गाव इथंच कुठंतरी होतं. ते उठलं, आम्ही पनवेलला आलो, देवीला नवीन जागा मिळाली, पण आईच्या हिशेबात वेस अजून तिथंच. मागं ट्रॉल्या तुंबल्या. मी तिच्या पायात चपला सरकवत होते, तेवढ्यात निळ्या गणवेशातली, हातात लांब मॉप घेतलेली एक बाई हसत पुढं आली. आमच्या गावातली भारती. शाळेत माझ्याच बाकावर बसायची, आता इथं सफाईला आहे.

“कुटं गो चाललीव मायलेकी?” तिनं विचारलं.

निघालेल्याला ‘कुठं’ विचारणं हेही आईच्या यादीत बसतं. पुन्हा पाणी-साखर सुरू व्हायच्या आत मी आईला दंडाला धरून पुढं ओढलं आणि भारतीला म्हटलं, घाई आहे गं, नंतर बोलू. जरा तोऱ्यातच म्हटलं. विमानाला जाणाऱ्या बाईला थोडा तोरा लागतोच.

सुरक्षा तपासणीत आईची पिशवी मशीनमध्ये गेली आणि मशीन थांबलं. तिथल्या मॅडमनी पिशवी उघडली. वर बाळाची कुंची, चांदीचे वाळे, लाडवांचा डबा, आणि तळाला नऊवारीत गुंडाळलेली विळी.

“ये क्या है, अम्मा?”

“मच्छी कापने का,” आई म्हणाली. “चाकू नाय हाय.”

मॅडमना समजेना. मग आईनं पदर खोचला, तिथंच फरशीवर बसली, एक पाय मुडपून न दिसणारी विळी दाबली आणि एक न दिसणारी सुरमई डोक्यापासून शेपटीपर्यंत कापून दाखवली. मागच्या रांगेतला एक सूटवाला तुकड्या तुकड्याला मान डोलवत होता. मी दुसरीकडं बघत उभी राहिले, जणू या बाईला मी कधी पाहिलंच नाही. शेवटी आम्हाला मागं काउंटरवर पाठवलं. अख्खी पिशवी आईच्या तिकिटावर विमानाच्या पोटात गेली. आई म्हणाली, सुनेकडं सुऱ्याच हायत, सुरीनं काय मासळी कापतात का?

पुन्हा तपासणी करून आत गेलो तरी वेळ होताच. आईला मी खुर्चीत बसवलं. तिचा बोर्डिंग पास तिच्या हातात दिला, म्हणजे मला सारखं विचारायला नको. तिचा फोन घेऊन फ्लाइट मोडवर टाकला. त्याच झटक्यात माझाही टाकला. शेजारच्या साडीतल्या बाईंनी हिंदीत विचारलं, इतक्यातच का? मी म्हटलं, सवय आहे.

त्या बाई बंगळुरूच्याच निघाल्या. त्यांना मराठी येत नव्हतं, आईला कानडी येत नव्हतं, दोघी पोटभर गप्पा मारायला लागल्या. मला ते जरा ओशाळवाणं वाटलं, म्हणून मी उठून फिरायला गेले. आणि समोर मला रांग दिसली.

आता इथं आमचं दुखणं सांगायला पाहिजे. जमीन गेली तेव्हापासून आमच्या माणसांची निम्मी हयात रांगेत गेली. मोबदल्याची रांग, भूखंडाची रांग, दाखल्याची रांग, दाखला चुकलाय म्हणून पुन्हा रांग. त्यातून एक शहाणपण अंगात मुरलं. रांग दिसली की आधी जागा धरायची, कशाची ते मागाहून विचारायचं. मी चपळाईनं गेले आणि जागा धरली. वर पडदा होता. त्याच्यावर गावाचं नाव होतं. आदल्या रात्री आईला मी तोच पडदा वाचायला शिकवला होता. मी स्वतः मात्र तिथं उभं राहून समोरच्या बाईच्या ब्लाउजची पाठ बघत होते. बाही एका बाजूनं ओढली होती. कुणी शिवला असेल, याचा विचार करण्यात माझा बराच वेळ गेला.

रांग हळूहळू सरकली. माझा नंबर आला. मी पास यंत्रावर ठेवला, यंत्र किंचाळलं आणि लाल झालं. तिथल्या मुलीनं पास बघितला, मला बघितलं आणि फार गोड आवाजात म्हणाली, “मॅडम, ही नागपूरची फ्लाइट आहे. बंगळुरूचं गेट तिकडं होतं.”

‘होतं’ ऐकलं आणि मी पास तिच्या हातातून ओढून घेतला.

मी धावले. खुर्च्यांपाशी आले तर आई नव्हती. ती कानडी बाईही नव्हती. पलीकडच्या गेटचं दार बंद झालं होतं. तिथला मुलगा म्हणाला, मॅडम, तुम्हाला कितीतरी फोन लावले, लागतच नव्हते. (लागणार कसे? मला सवय आहे ना!) मी म्हटलं, उघडा हो, एकच मिनिट, मी आत्या आहे. तो म्हणाला, सॉरी मॅडम, आता उघडत नाही. मी सांगितलं की बाळाचं नाव फक्त मला माहीत आहे. त्यानं पुन्हा सॉरी म्हटलं. काचेतून विमान दिसत होतं. ते हळूच मागं सरकलं, वळलं आणि पळत सुटलं. त्यात माझी आई होती, वाळे होते, कुंची होती, लाडू होते, विळीसुद्धा होती. बारशाला लागणारं सगळं गेलं. आत्या तेवढी राहिली.

पुढचं विमान संध्याकाळी, आणि तेही भरलेलं. मला रीतसर बाहेर आणून सोडलं. बाहेर झाडाच्या कुंडीशेजारी बाकावर बसून मी राकेशला फोन केला. तो आधी हसला, मग म्हणाला, “ताई, नाव सांगून टाक ना. इथं स्नेहाची मावशी कुर्र करेल.” स्नेहा म्हणजे त्याची बायको.

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. एवढे दिवस पोटात जपलेलं नाव, ते स्नेहाच्या मावशीनं सांगायचं? मी म्हटलं, आई पोचू दे, मग बघू. आणि खरं सांगते, मी तिथं बसून चक्क रडले. नवऱ्याला फोन करायचीही हिंमत झाली नाही. घर दहा मिनिटांवर होतं, पण कोणत्या तोंडानं जाणार?

आई पोचल्यावर राकेशनं व्हिडिओ कॉल लावला. आई पाळण्याशेजारी मजेत बसली होती, केसात कानडी बाईंनी दिलेला गजरा. मी फोनमधूनच तिच्यावर तोंड टाकलं. मला सोडून तू गेलीसच कशी?

“मी त्या बाईच्या मागनं गेली,” आई म्हणाली. “तू त्या दुसऱ्या रांगेत हुतीस.”

“मग हाक का नाही मारलीस?”

“बारशाला निघालेल्या मानसाला मागनं हाक मारायची नाय. आन तू तर फाटकात उभी ऱ्हाऊन बोललीस, विमानात बसेपावत कोनी हाक मारायची नाय. मी मारली नाय.” मग म्हणाली, “मना वाटला दोन दारं असतील. यष्टीला नसतात का, एक फुडं आन एक मागं?”

तेवढ्यात पाठीमागून कुणीतरी विचारलं, “तू अजून हितंच?” भारती होती, मॉपसकट, आणि तिच्यासोबत चहाच्या सुट्टीला आलेल्या तिघी-चौघी. मी सकाळचा तोरा आठवून मान खाली घातली आणि झालं ते सगळं सांगितलं. ती हसेल म्हणून मी तयारच होते. ती हसली नाही. तिनं मॉप कुंडीला टेकवला आणि पदर असता तर खोचला असता अशा बेतानं कमरेवर हात ठेवला.

“मग कर ना हितनंच कुर्र,” ती म्हणाली. “फोन बालाच्या कानाला लावायला सांग. नाव आत्यानंच सांगायचं.”

राकेशनं फोन पाळण्यात धरला. पडद्यावर बाळाचा इवलासा कान दिसायला लागला. मी बाकावर वाकले, फोन तोंडाशी घेतला आणि आजूबाजूला बॅगा ओढत चाललेली माणसं विसरून ‘कुर्र’ केलं. म्हटलं, तुझं नाव ईरा.

आणि पाठीत पहिला बुक्का बसला. तो भारतीचा होता. त्यात शाळेतला एकच बाक होता, बरीच वर्षं होती आणि सकाळचं ‘घाई आहे गं’ही होतं. मग बाकीच्या तिघी-चौघींनी हात धुऊन घेतले. एक परदेशी बाई थांबून बघत राहिली. एक सुरक्षारक्षक धावत आला, त्याला भारतीनं सांगितलं, “बारसा हाय,” तो मान हलवून परत गेला.

पलीकडून टाळ्या ऐकू आल्या, आणि मग आईचा चेहरा पडद्यावर आला. मला वाटलं नावाचं कौतुक करेल. ती म्हणाली, “ईरा? त्या विमानातल्या बाईच्या नातीचा पन ह्योच नाव हाय.”

मग तिचा आवाज जरा बदलला. “तू हाईस तितंच आपला घर हुता गो. तुजा बारसा तितंच झाला, राकेसचा तितंच झाला. मना वाटला हुता, आता आपल्या गावात परत कोनाचा बारसा व्हायचा नाय.” तिनं पदरानं डोळे पुसले. “बरा झाला तुजा विमान चुकला.”

मीही रडले, भारतीही रडली. मग तिची सुट्टी संपली आणि ती मॉप घेऊन आत गेली. मी घरी गेले.

दुसऱ्या दिवशी उठले तर पाठ हलेना. कसंबसं डॉक्टरांकडं गेले. त्यांनी पाठ दाबून बघितली आणि म्हणाले, “चांगलीच आखडलीय. लांबचा प्रवास झाला का?”

मी म्हटलं, “नाही हो डॉक्टर. तोच तेवढा राहिला.”