वरचं पाणी गोड

माझी मावशी लाँड्री चालवते. मळक्या कपड्यांचा नुसता वास घेऊन ती कुणाच्या घरात काय चाललंय ते ओळखते, त्यामुळे तिच्यापुढे थाप मारायची आमची कुणाची टाप नव्हती. मामाची होती. तो तिचा मोठा भाऊ, आणि दादा म्हटलं की ही डोळे मिटूनच चालते.

मामा पंप दुरुस्त करतो. त्याचं घर समुद्राजवळ, परसात विहीर, तिला पंप. मावशीचं टेकडीवर, तिथे नळाला पाणी येई ते मोजकंच. घरांची अदलाबदल करायचं मामानेच सुचवलं.

"धुलाईला पाणी तुला लागतं, मी विहीर घेऊन काय करू?"

पाऊस नुकता संपला होता. त्याने दोर सोडून बादलीभर पाणी काढलं, तिच्या हातात ग्लास दिला. "पी गं, साखर घातल्यासारखं आहे!" मावशी प्यायली, आणि महिन्याभरात सामानासकट खाली उतरली.

उन्हाळा लागला तशी साबणाला फेस येईनासा झाला. मावशी दुकानदाराशी कडाकडा भांडली. साबण बदलला, तरी चादरी पुठ्ठ्यासारख्या वाळत. गिऱ्हाईकं तुटू लागली.

शेवटी भूजल खात्यातली एक बाई आली, तिने विहिरीत मीटर सोडला.

"वर थोडं गोडं आहे, खाली सगळं खारं. हवामान तापतंय, समुद्राची पातळी वाढतेय. तो दारातून यायच्या आधी जमिनीखालून येतो. पावसाचं पाणी हलकं, ते वर तरंगतं. पंप खालचं ओढतो."

"हे कधीपासून?"

"बरीच वर्षं असणार."

मावशी माझ्याकडे बघून म्हणाली, "पंपवाल्याने त्या दिवशी बादलीने पाणी का काढलं गं?"

माझं डोकंच फिरलं. बटण हाताशी होतं, आणि मामाने जन्मात कधी दोर ओढलेला नाही. समुद्र चढला त्याला तो काय करणार, कबूल. पण स्वतः बाजूला होऊन सख्ख्या बहिणीला तिथे उभं करायचं?

आम्ही टेकडीवर गेलो. मामीने पाण्याचा ग्लास पुढे केला. मावशीने तो रिकामा केला, पिशवीतली बाटली काढून त्यात ओतली आणि मामापुढे ठेवला.

"दादा, पंपाचं आहे. पी."

"अगं, सगळ्या जगात पाणी चढतंय. समुद्र काय मी आणला?"

"पी ना."

"आत्ताच चहा झाला."

"मला आग्रह करून पाजलं होतंस. एक घोट तरी घे."

मामाने ग्लास बाजूला सारला. मावशीने ग्लास उचलला, मोरीत ओतला, नळाखाली स्वच्छ विसळून जागेवर पालथा घातला. चपला घातल्या.

पायऱ्या उतरताना ती म्हणाली, "खरं सांगितलं असतं, तर मी त्याला वर माझ्याकडेच राहायला बोलावलं असतं गं."