फोटोपुरती किल्ली

मंडळी, आज दुपारी जे पाहिलं ते तुम्हाला लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या बंगळुरातल्या जयनगरामागची झोपडपट्टी नगरसेवकांनी पाडून घेतली, तेव्हा त्याच जागी पक्की घरं देऊ म्हणाले होते. आमच्याकडे स्वयंपाकाला येणारी बेळगावची यल्लव्वा तिथलीच; तेव्हापासून ती शहराबाहेर होसकोट्याजवळ पत्र्याच्या शेडमध्ये राहते.

आज त्या नव्या घरांच्या किल्ल्या वाटायचा कार्यक्रम होता. मी तिच्यासोबत गेले. नगरसेवकांनी तिच्या हातात किल्ली ठेवली, फोटो निघाला, टाळ्या पडल्या. मग त्यांनी हसत हसत किल्ली परत मागितली. पुढच्या बाईच्या फोटोलाही तीच हवी होती!

यल्लव्वानं मूठ सोडली नाही. "साहेब, माझं घर कुठलं?"

"स्वल्प थांबा अक्का, आतलं काम बाकी आहे," म्हणत त्यांच्या माणसानं तिची बोटं उघडून किल्ली काढून घेतली. मी ओरडले, पण बँडच्या आवाजात ऐकतो कोण? इमारतीला अजून जिनासुद्धा नाही.

परतताना यल्लव्वा रडवेली होऊन म्हणाली, "वहिनी, गावाकडं पोरानं हा फोटो पेपरात बघितला, तर बायकोला घेऊन इथं राहायला येईल की हो."

तो खरंच आला, तर तिनं त्याला कुठं न्यायचं?