बब्रुवानच्या पेशी

सास्तूरची अर्पिता पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत माणसाच्या फुप्फुसाची चिप बनवायची. काडेपेटीएवढा पारदर्शक तुकडा, आत केसासारख्या दोन नळ्या. एकीत हवा, दुसरीत रक्ताच्या जागी पोषक पाणी, आणि मधल्या पडद्यावर माणसाच्या जिवंत पेशी. त्यांच्यावर औषधं घालून बघायची. ह्या खेपेच्या पेशी तिच्या वडिलांच्या, बब्रुवानच्या होत्या. त्यांची फुप्फुसं घट्ट होत चालली होती, तेव्हा तपासणीला काढलेल्या तुकड्यातला कणभर तिनं रीतसर मागून घेतला होता. दुखणं घराण्यातलं.

वडिलांना वाचवायचं म्हणून ती झटत नव्हती, ते दिवस केव्हाच सरले होते. धाकट्या रणधीरलाही तोच खोकला लागला होता. "आईला कळू द्यायचं न्हाय, आक्का," म्हणून त्यानं तिच्याकडून शब्द घेतला होता. त्याच्या छातीतला तुकडा काढायला डॉक्टर धजेनात. चार औषधांतलं कुठलं लागू पडेल, हे बापाच्या पेशींवरच कळणार होतं. गोठवून ठेवलेल्या पेशी आधीच्या फसलेल्या चिपांत संपल्या. उरली ही एकच, आणि निकालाला नऊ दिवस बाकी असताना बब्रुवान गेले.

चिपमधलं पाणी रोज सकाळी बदलावं लागतं. नळीत हवेचा एक बुडबुडा शिरला तरी पेशी सोलून निघतात. तिसऱ्या दिवशी राख सावडून झाली तशी अर्पितानं पिशवी उचलली. आई, कस्तुराबाई, दारातच बसली होती.

"दहावा तरी होऊ दे. एवढं काय आडलंय तुजं तिथं?"

काय सांगणार, कपाळ? खरं कारण समोरच डोकं भादरून बसलं होतं आणि नजरेनंच नको म्हणत होतं. अर्पितानं पिशवी खाली ठेवली. त्या घटकेसाठी ती स्वतःला कधी माफ करणार नाही.

मग रोज सकाळी गोठ्यामागं उभी राहून ती प्रयोगशाळेतल्या हर्षालीला फोनवर सांगायची, हळू सोड, कडेनं सोड. हर्षाली पोर भली, पण कामाला नवी. सहाव्या दिवशी तिचा हात हलला. "ताई, नळीत बुडबुडा शिरला," म्हणून ती फोनवर रडायलाच लागली. फुप्फुसाला हवेनंच मारावं, ह्याला काय म्हणायचं? आणि त्या लेकराला तरी काय बोलायचं?

तेरावा उरकला. अर्पिता निघाली तेव्हा आई आणि रणधीर दोघंही एसटीपर्यंत आले.

"वर्साच्या आत रणधीरचं लगीन उरकायला पाहिजे," कस्तुराबाई म्हणाली. "न्हायतर तीन वर्सं थांबावं लागतंय. तू तर लग्नाचं ऐकत न्हाईस. म्या पोरगी बघून ठिवलीया."

चिपचं काय झालं हे अर्पितानं रणधीरला अजून सांगितलंच नव्हतं.

"थांबू की तीन वर्सं," तो आईला म्हणाला, पण बघत राहिला अर्पिताकडं.

तिनं मान खाली घातली.