स्लाईडवरचा हात

लातूर वेगळा जिल्हा झाला त्याच्या आगेमागेच आमच्याकडं दुष्काळ पडला. चाकूरजवळच्या आमच्या गावातले निम्मे लोक रोजगार हमीवर खडी फोडायला जात. आई-बाबाही जात. मी घरीच असे, कारण मला फेफरं येई आणि ‘बाकीची लेकरं भितात’ म्हणून गुरुजींनी माझी शाळा बंद केली होती. एकदा भाकरी करताना झटका आला आणि डावा हात चुलीत गेला. त्या हाताची दोन बोटं कायमची चिकटली.

नव्या जिल्ह्याच्या दवाखान्यात नांदेडहून एक डॉक्टर फेफऱ्याच्या अभ्यासासाठी येतात, असं कळलं. बाबा मला घेऊन गेले. डॉक्टरांनी आधी हाताचा फोटो काढला. “सरळ धर, हलू नको,” एवढंच ते माझ्याशी बोलले. बाबांना काहीच विचारलं नाही. गोळ्या मात्र दिल्या, आणि झटके थांबले. आईनं गुरुजींशी भांडून मला परत शाळेत बसवलं.

पाच-सहा महिन्यांतच डॉक्टर यायचे बंद झाले. गोळ्या संपल्या आणि आठवड्याभरात मी वर्गातच पडले. बाबा मला घेऊन नांदेडला गेले. डॉक्टर गाडीत बसायच्या बेतात होते.

“साब, लेकराला पुन्हा यायलंय. गोळ्या संपल्या.”

“आमचा अभ्यास झाला आता. लातूरला सरकारी दवाखान्यात दाखवा.”

“तिथं गोळ्याच न्हाईत म्हणायलेत.”

“मग मी काय करू?”

गाडी गेली. बाबा बराच वेळ फाटकाशीच उभे राहिले. त्यानंतर मला एकामागून एक झटके आले. शाळा पुन्हा सुटली, आणि कितीतरी वर्षं तसंच चाललं. पुढं आमच्या आरोग्य केंद्रात एक तरुण डॉक्टर आले. त्यांनी दर महिन्याला घरी निरोप धाडून मला गोळ्या घ्यायला लावल्या. मी बरी झाले, बाहेरून परीक्षा दिल्या आणि नांदेडच्या एका वैद्यकीय ग्रंथालयात नोकरीला लागले.

तिथं फेफऱ्याच्या अभ्यासाला आलेल्या त्याच डॉक्टरांचा सत्कार ठरला. त्यांची पुस्तकं टेबलावर मांडायचं काम माझ्याकडं होतं. वक्ते सांगत होते, लातूरच्या अभ्यासावर त्यांनी लिहिलेल्या एका लेखाचा हवाला जगभरचे संशोधक देतात. मग साहेब स्वतः उठले. दिवे मंद झाले आणि पडद्यावर माझा हात आला.

“ही मुलगी औषधानं पूर्ण बरी झाली,” ते म्हणाले. “दोन वर्षं आम्ही तिच्यावर लक्ष ठेवलं. एकही झटका नाही.”

मी उठले. “खोटं आहे हे. ती मुलगी मी आहे. तुम्ही गोळ्या बंद केल्या आणि मी वर्गात पडले.”

“बसा बाई,” ते म्हणाले, “नंतर बोलू.”

नंतर ते खरंच ग्रंथालयात आले, दार लोटून घेतलं. “तुम्हाला हवंय काय?”

“जे घडलं ते छापा.”

“इतक्या वर्षांनी? एका रुग्णानं काय फरक पडतो? त्या लेखामुळं किती जणांना उपचार मिळाले, माहीत आहे?”

“मला न्हाई मिळाले.”

त्यांनी मान हलवली, जणू मला समजावून काही उपयोग नाही, आणि निघून गेले. तेव्हा वाटलेला संताप अजून तसाच आहे. तो उतरावा असं मला वाटतही नाही.

तो लेख छापणाऱ्या नियतकालिकाला मी स्वतःच लिहिलं. आमच्या ग्रंथपालबाईंनी इंग्रजी नीट करून दिलं. आरोग्य केंद्राचे ते डॉक्टर आता उदगीरला दवाखाना चालवत होते. मी पहिल्यांदा त्यांच्याकडं गेले तेव्हा माझी अवस्था काय होती, हे त्यांनी सहीनिशी लिहून दिलं. पुष्कळ दिवसांनी एका अंकाच्या शेवटच्या पानावर चार ओळींची दुरुस्ती छापून आली, की गोळ्या बंद झाल्यावर त्या मुलीला पुन्हा झटके आले होते.

नवे अंक आले की संदर्भांची यादी मी आधी बघते. तो जुना लेख जवळजवळ दर वेळी सापडतो. दुरुस्तीचा हवाला कुणी दिलेला माझ्या तरी पाहण्यात नाही.