शाली द्यायला गेलो, शाल घेऊन आलो

मंडळी, आज मी हट्टाला पेटून कपाट रिकामं केलं. आमचे हे माजी सरपंच, त्यामुळं सत्काराच्या शालींचा नुसता ढीग! यांचा जीव तुटत होता, तरी सगळ्या शाली अंबाजोगाईला ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या वसतिगृहात नेऊन दिल्या. पोरांना थंडीत पांघरायला होतील.

तिथले सर लई खूश. "आसं कसं जाता तुमी? थांबा जरा!"

लगेच माईक आला, नारळ आला, आणि आमच्याच ढिगातली सगळ्यात भारी शाल सरांनी यांच्या खांद्यावर घातली.

घरी येताच हे म्हणतात, "ही मानाची हाय, ही द्यायची न्हाई."

आता स्मृतिचिन्हांचं पोतं उरलंय. सत्कार न करता घेणारं कुणी आहे का? यांना घरीच ठेवून येईन.