भासऱ्यांना चुकवायची विद्या

“माह्या टीमच्या पोरींपेक्षा तुही बायको बरी रे! तीन महिने झाले, एका घरात राहून राह्यलो, पण एकदा बी समोरासमोर सापडली नाई मले. असा चकवा त मी पोट्ट्यांले वर्षभरात शिकवू शकलो नाई!”

हे माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, नवऱ्याला सांगत होते. मी दाराआड, हातात चहाचा ट्रे. ऐकायचं नव्हतं हो, पण आत जाणार कशी? आत भासरे होते ना!

हसू नका. आमच्या सासरी, सावली तालुक्यात, नव्या सुनेनं भासऱ्यांसमोर उभं राहायचं नाही आणि बोलायचं तर मुळीच नाही. त्यामुळे ते ओसरीत आले की मी स्वयंपाकघरात. ते पाणी प्यायला स्वयंपाकघराशी आले की मी मागच्या दारानं सांदवाडीत, म्हणजे परसात, कोंबड्यांच्या सोबतीला. बरं, चहा तेवढा मी पुतणीच्या, काजलच्या हाती पाठवला.

आता त्या कौतुकानं माझं डोकं कसं फिरलं, ते ऐकाच.

दादा, म्हणजे हेच भासरे, शाळेत शिक्षक. धान कापून रिकाम्या झालेल्या बांधीत गावातल्या पोरींना फुटबॉल शिकवतात. पोरी पळायच्या हरणासारख्या. पण समोर विरुद्ध बाजूची खेळाडू आली की बॉल सरळ तिच्या पायात, प्रसाद दिल्यासारखा! लागोपाठ तीन सामने हरल्यावर गावातल्या जाणत्यांनी सांगून टाकलं, “मास्तर, याच्या पुढं हारल्या त फुटबॉल बंद. शिवणक्लास लावू पोरींले.”

काजल ही दादांची मुलगी, टीमची कॅप्टन. चहा देऊन ती परत आली ती माझ्या कानाशीच.

“काकू, तुमी बाबाले चुकवता कशा? आमाले शिकवा ना!”

“मले फुटबॉलमधलं काई समजत नाई वो.”

“बॉलचं आमी पाहून घेऊ. तुमी फक्त चुकवाचं शिकवा.”

आता मला सांगा, माहेरी भात करपला तरी सगळे गप्प खायचे, पण माझं कौतुक असं कधी कोणी केलं होतं? मी पदर खोचला!

दादा बाजाराला गेले की सांदवाडीत वर्ग भरायचा. पाण्यानं भरलेली बकेट म्हणजे दादा. “डोळे खाली. खांदा देवघराकडं झुकवाचा, दादाले वाटलं पायजे का आता इकडंच चालली. अन् पाय मागच्या दाराकडं! सर्रकन!” गोलकीपर रोशनीनं विचारलं, “अन् मी काय करू, काकू?” मी म्हटलं, “समोरून कोणी जोरात आलं का मान खाली घालून वाट द्याची.” मी तेच करत होते की!

आठ दिवसांत पोरी अशा तयार झाल्या की आमच्या कोंबड्यासुद्धा सरळ चालेनाशा झाल्या.

सामन्याच्या दिवशी बांधीभोवती अख्खं गाव. आम्ही बायका आमच्या गोलच्या मागे सतरंजीवर. सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, “माही सून म्हणजे गाय हाय, गाय! तोंडातून शब्द निंगत नाई.” मी मान आणखी खाली घातली.

शिट्टी झाली. काजलच्या पायात बॉल, समोर धिप्पाड पोरगी. डोळे खाली, खांदा इकडे, पाय तिकडे, सर्रकन! पोरगी हवेत लाथ मारत राहिली.

“वा रे माही वाघीण!” दादा उडालेच.

आणि वाघीण वळली ती सरळ आमच्याच गोलकडे!

अरे देवा! माझा प्रत्येक चकवा मागच्या दाराशीच संपत होता की! दादांना ओलांडून पुढे मी कधी गेलेच नव्हते. काजल तुफान वेगानं आली, रोशनीनं मान खाली घालून अदबीनं वाट दिली, आणि बॉल आमच्याच गोलमध्ये.

“काऊन वो सरकली?” दादा किंचाळले.

“काकूनं सांगतलं, जोरात कोणी आलं त वाट द्याची!”

“कोणती काकू?”

मी सासूबाईंच्या पाठीआड.

शेवटची दोन मिनिटं राहिली. आम्ही एका गोलनं मागे. शिवणयंत्राची खडखड मला आत्तापासून ऐकू येत होती. बॉल पुन्हा काजलकडे. तिनं एकीला चुकवलं, दुसरीला चुकवलं. आता शेवटची एक पोरगी आणि तिच्यामागे गोल. इतक्यात काजलचा खांदा झुकला. तो खांदा मीच शिकवलेला! ही आता मागे वळणार!

मी सतरंजीवर उभी राहिले आणि ओरडले. काय ओरडले ते सांगते, आधी पुढचं ऐका. काजल दचकली, वळता वळता थांबली, त्या पोरीच्या बगलेतून पुढे घुसली आणि तिनं बॉल ठोकला. गोल! बरोबरी! हार टळली, शिवणक्लास टळला, पोरी नाचायला लागल्या.

पण आमच्या सतरंजीवर टाळी नाही. नवरा बांधावर डोकं धरून बसलेला. दादांच्या तोंडातली शिट्टी तोंडातच. सासूबाई माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू गाय एकाएकी बोलली. बोललीच होती! या गावात मी मोठ्यानं म्हटलेलं पहिलं वाक्य पार पलीकडच्या बांधापर्यंत गेलं होतं:

“काजल, मांगं नको पयू वो! मांगं माही सासू हाय! समोर त नुसते भासरे हायेत, त्याईले काय भ्याचं!”